भिंतीतला पाइप

आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घरात खिळ्याला बंदी केली होती. पेडगावात तेव्हा गोबरगॅस नवीनच आले होते. मामंजींनी परसात टाकी बांधली, गॅसचा पाइप भिंतीत घातला आणि वरून गिलावा करून टाकला. "आतडी कुनी बाहेर दावतं का?" म्हणायचे. पाइप कुठनं कुठं गेलाय ते त्यांनाच ठाऊक. कोणी हातोडी उचलली की हे हजर. "थांबा. इथं पाइप हाय." मग भिंतीला कान लावून हकिमासारखे डोळे मिटायचे. "वाहायलाय बघा." आम्हाला मेलं कधी काही ऐकू आलं नाही.

कॅलेंडर खुर्चीवर, देव फळीवर, आरसा जमिनीवर. मामंजी पालथं पडून दाढी करायचे, पण खिळा नाही. सगळ्यात कडक पहारा मधल्या भिंतीवर. आत्याबाई, माझ्या सासूबाई, हसायच्या. "ह्यायला पाइपाचं येड लागलंय."

हसू येत नव्हतं ते मला. माझ्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, लग्नात दिलेलं घड्याळ ट्रंकेत पडून होतं, आणि दादा दिवाळीला यायचे होते. लेकीच्या घरी आपल्या घड्याळाला जागा नाही हे बघून त्यांना काय वाटेल? मी नुसती धुमसत होते.

त्यातच पाइपात पाणी साचलं अन् शेगडी विझायला लागली. परभणीहून मिस्त्री आला. आम्ही सगळ्यांनी त्याला मधली भिंत दाखवली. त्यानं छिन्नी टेकवली तसे मामंजी आडवे आले. "ती नको. पाइप मागच्या भिंतीत हाय."

खरंच तिथं निघाला, शेगडीपर्यंत सरळ गेलेला.

मिस्त्री गेला. मी घड्याळ काढलं आणि मधल्या भिंतीवर खिळा टेकवला. "आता तरी मारू का?"

मामंजींनी नुसतं बोट केलं. आत्याबाई सैपाकघरातून ओसरीवर निघाल्या होत्या. लख्ख दुपार, आणि तळहात भिंतीवरून घासत चालल्या होत्या. भिंत संपली तसा हात जरा हवेत चाचपडला, मग दाराची चौकट सापडली.

"दिसत न्हाई का त्यायला?"

"डाक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, इलाज न्हाई. खिळ्यानं हात फाटंल तिचा."

मी खिळा खाली ठेवला. दादांना काय वाटायचं ते वाटो.

"मग आमाला सांगायचं व्हतं, मामंजी."

"तिनं कुटं सांगितलंय?" मामंजी म्हणाले. "ती म्हनती, मला समदं दिसतंय. मग दिसतंय."