साध्या टोमॅटोंची ओळ

भाग्यश्रीची पावडर सपशेल नापास होत होती आणि त्याचं सगळ्यात जास्त दुःख तिच्या सासूबाईंना, कुसाबाईंना होतं.

रेशमाचे कोष सोड्याच्या पाण्यात उकळायचे, त्यांचा चिकटपणा घालवायचा, उरलेलं विरघळवून, वाळवून त्याची पावडर करायची, हे सुनेचं कॉलेजातलं संशोधन. उकळणं कमीजास्त केलं की पावडरीचा स्वभावच बदलायचा. ती पावडर कालवलेल्या पाण्यात बुडवलेले टोमॅटो जास्त टिकायला हवे होते. मखमलाबादला घरचाच मळा, म्हणून प्रयोगही घरच्याच ओसरीवर. एक ओळ पावडरीची, एक साधी. पण मेले साधे टोमॅटोच नासायला तयार नव्हते! भाग्यश्रीने कमी उकळलेली दुसरी पावडर आणली. तरी साधे टवटवीतच.

"आई, रोज टोमॅटोचं सारच का गं?" भाग्यश्रीच्या नवऱ्याने, महेशने जेवताना विचारलं.

"मुकाट्यानं खा. मळ्यात काय बदाम लागलेत?"

इकडे भाग्यश्रीला पानावरच रडू फुटलं. "उद्या कॉलेजातले सर येणारेत. बघतील आणि काम बंद करा म्हणतील. साध्यांनाच काही होत नाही, तर माझ्या पावडरीचा उपयोग काय?"

कुसाबाईंचा हात थबकला. "म्हंजे, ते नासायला पायजे व्हते?"

"हो ना, आई!"

"अगं बया! तुझं काम सडल्यालं दिसू नये म्हनून मी रोज नासके उचलून ताजे ठिवत व्हते. चांगला भाग काढून सार..."

महेशने वाटी हळूच खाली ठेवली.

रागवावं की हसावं, भाग्यश्रीला कळेना. मग ती एकदम सावरून बसली. "आणि पावडरीचे किती बदलले?"

"पयल्या पावडरीचे थोडे. ह्या दुसरीतला येक बी नाय. बदलायला खराब तर व्हाया पायजे!"

भाग्यश्रीने उष्ट्या हातानेच सासूला मिठी मारली.

सरांनी सगळं ऐकलं, पोट धरून हसले आणि म्हणाले, "पुन्हा मांडा. पण या वेळी कुलपात."

"कुलूप नको, सर. आई आहेत," भाग्यश्री म्हणाली.

काही दिवसांनी ती संध्याकाळी घरी आली, तर ओसरीवर पावडरीची ओळ लालबुंद आणि साध्यांचा पार चिखल. समोर कुसाबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून बसलेल्या.

"घे बाई," त्या नाक ओढत म्हणाल्या. "जल्मात पयल्यांदा डोळ्यांदेखत माल सडू दिलाय. निस्ता तुझ्यासाठी."