बोरकर काका, थर्मामीटर अन् तीन मॉल्या

बोरकर काका घरी आले की त्यायच्यासमोर चहा ठेवायचा अन् पाहत राहायचं. काका आधी खिशातून थर्मामीटर काढते, चहात बुडवते, मान तिरपी करते अन् सांगते, "अडुसष्ट. अजून थांबू." तापाचा नाही हां, कॉलेजच्या लॅबमध्ये असते तसा लांब, काचेचा. शर्टाच्या खिशात, पेनाच्या बाजूले. ताक मोजते. आंघोळीची बादली मोजते. चौकातल्या पोह्याच्या ठेल्यावर एकदा तर्रीतच बुडवला होता, तेव्हापासून ठेलेवाला त्यायले लांबूनच प्लेट देते.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहते. एकटेच. काकूले जाऊन बराच काळ झाला. सारी नोकरी कोराडीच्या कोळशावरच्या पॉवर हाऊसमध्ये, मीटर वाचण्यात गेली. तुम्ही "आज लय गरम आहे" म्हणा, लगेच येते, "लय म्हंजे किती? आकडा सांग." मी एकदा मोठ्या प्रेमानं विचारलं, "काका, बरे आहात ना?" तर म्हणे, "छत्तीस पॉइंट आठ."

आता माझी अक्कल ऐका.

मी हिंगण्याच्या एका कंपनीत नोकरीले लागली अन् हौसेनं माशायची टाकी आणली. आईनं दारातच सांगितलं, "एक जरी मेली ना, तर त्यात मी गहू भरीन." आईच्या धमक्या खऱ्या असते. माझी डान्सची ट्रॉफी आज आमच्या घरात मोहरीचं भांडं आहे.

मॉली जातीच्या दोन काळ्या मासोळ्या होत्या. मग तिसरी आणली. दुकानदारानं सांगितलं होतं, नवा मासा काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवा. पण मी रील बनवून राहिली होती, त्यामुळे पिशवी फाडली अन् पाण्यासकट टाकीत ओतली. शूटिंग मस्त झालं. अन् टाकी कुठं मांडली होती? हॉलमध्ये, कूलरच्या थेट समोर. आपण थंड हवा खायची अन् त्या बिचाऱ्यायनं काय घोडं मारलं?

मे लागला अन् तिघींच्या अंगावर पांढरे ठिपके आले. रव्यात घोळल्यासारख्या दिसून राहिल्या होत्या, तव्यावर सोडायचंच बाकी. मले वाटलं, वयात आल्या! स्टेटस ठेवलं, "माझ्या पोरी चमकून राहिल्या." खाली चमचमते तारे पण टाकले.

काका चहाले आले अन् कप तसाच ठेवून टाकीजवळ गेले. मॉल्या गोट्यायवर अंग घासून राहिल्या होत्या.

"काहून वं, याह्यले खाज सुटली का?"

"खेळून राहिल्या काका."

"खेळून नाही राहिल्या. रोग आहे हा." थर्मामीटर पाण्यात गेला. दुपारी तेहतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी येऊन पुन्हा मोजलं. चोवीस. "मासा आहे का मटका? रात्रभर कूलर, दिवसभर भट्टी. आजारी नाही पडन तर काय होईन?"

संध्याकाळपर्यंत काकायनं फोनवर जे सापडलं ते सारं वाचलं अन् आम्हाले समोर बसवून शिकवलं. "हा किडा अंगावर बसला असते तेव्हा औषध त्याले लागत नाही. तो खाली पडते, गोट्यायत पोरं काढते, अन् ते पोरं मासा शोधत पाण्यात फिरते. तेव्हा धरायचं. पाणी गरम असलं की हे सारं लवकर उरकते. म्हणून कूलर बंद."

"मे महिन्यात?" आई म्हणाली. "माशायपायी मी शिजू का भाऊजी?"

"तुम्ही दुपारी माझ्याकडे बसा वहिनी. वर कूलर आहे."

काकायनं निळं औषध टाकलं. आईनं पाहिलं. "नीळ दिली का? आता झटकून वाळू घालायच्या का दोरीवर?"

सकाळी पाणी चक्क स्वच्छ. काका लाल. "कोणी बदललं पाणी?"

"मी त्या टाकीले हात लावत नाही," आई म्हणाली. "फक्त किती गहू मावते ते पाहून घेते."

पुन्हा औषध. पुन्हा सकाळी पाणी स्वच्छ. अन् आता लहानी मॉली खाली गोट्यायवर टेकून नुसते कल्ले हलवून राहिली होती. मी रडायचीच बाकी. दुकानात फोन लावला, स्पीकरवर टाकला. दुकानदार म्हणे, "फिल्टरमधली कोळशाची पुडी काढली ना? कोळसा औषध पिऊन टाकते."

काका मटकन खाली बसले. "जन्म कोळशात गेला माझा," ते म्हणाले, "अन् कोळसाच विसरलो गा!"

पुडी काढली, नवीन औषध पडलं, गरम पाण्यात हवा कमी राहते म्हणून बुडबुडे वाढवले. अन् आई अन् मी घामाघूम होऊन वर गेलो.

काकायचा कूलर पाहून मी थांबलीच. वाळ्याच्या ताट्या कोऱ्या. त्याच्या अंगावरचं कंपनीचं स्टिकर पण निघालं नव्हतं.

"मागच्या उन्हाळ्यातच आणला ना हा?" आईनं विचारलं.

"हो."

"मग?"

"एकट्यासाठी काय भरायचा वहिनी. पंखा आहे."

आईनं स्वतःच बादली उचलली अन् कूलर भरला.

मग तेच सुरू झालं. मी शिफ्टवरून कंपनीच्या बसनं उतरायची अन् सरळ वरच जायची. आई तिथं गवार मोडत बसलेली, काका तिच्या पन्ह्यात थर्मामीटर घालून बसलेले. कोराडीचे किस्से सांगायचे, स्वतःच आधी हसायचे. मधेच तिघं खाली येऊन टाकी पाहायचो. लहानी मॉली उठली. मग खायले लागली. मग ठिपके गेले.

"ठिपके गेले म्हंजे किडा गेला असं नसते," काका म्हणाले अन् औषध चालूच ठेवलं. नंतर औषधाचेही दिवस संपले.

एका रविवारी काका टॉर्च घेऊन आले. तिघींले चारी बाजूनं पाहिलं. पाणी बदललं. कोळशाची पुडी स्वतःच्या हातानं परत बसवली. "झालं," म्हणाले. "आता लावा तुमचा कूलर."

आईनं चहा ठेवला. काका तो तसाच पिले. मोजलाच नाही.

मी कूलरच्या बटनाकडे हात नेला, तर आई टाकीवर वाकलेली. तिचा चष्मा स्वयंपाकघरात.

"थांबा भाऊजी. हे पाहा. लहानीच्या शेपटीवर. ठिपका."

मी पाहिलं. बुडबुडा होता. माझ्या डोळ्यादेखत सुटला अन् वर गेला. मी तोंड उघडलं, आईनं दंडाले असा चिमटा घेतला की मी मिटलं.

काकायनं टॉर्च लावला. मॉलीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं.

"आहे," ते म्हणाले. "बारीक आहे. पण आहे."

"मग?"

"मग कूलर बंदच ठेवा. रिस्क नको."

"तेच म्हणते मी." आईनं गवारीचं ताट उचललं. "चाल वं. उकडून राहिलं इथं."

किती उकडून राहिलं, ते काकायनं विचारलं नाही. ते आमच्या आधीच जिना चढले होते. आम्ही अर्ध्यात असतानाच वरून कूलरमध्ये पाणी पडायचा आवाज आला.