ताजी सर्दी, शिळी सर्दी

सुरतच्या नवागाममधल्या आमच्या गल्लीत मोकळेपणाने शिंकायची सोय नव्हती. शिंक आली रे आली, की समोरच्या खोलीतून सुकलालनानांचा प्रश्न यायचा, "तुनी सर्दी ताजी शे का शिळी?"

नाना मूळचे शिरपूरकडचे, पॉवरलूमवर कारीगर. सर्दी दुसऱ्याला कधीपर्यंत लागते हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं, त्यामुळे खात्री दांडगी. नाक पाण्यासारखं वाहतंय तोवर सर्दी ताजी, ती लागणारच. नाक चोंदलं, आवाज बसला की शिळी. शिळीवाल्याला त्यांच्या ओट्यावर चहासुद्धा मिळे. प्लेगच्या साथीत अख्खं सुरत तोंडाला रुमाल बांधून फिरलं. साथ गेली, लोकांनी रुमाल सोडले. नानांचा गमछा तेवढा राहिला. माझं नाक जरा लाल दिसलं की ते गल्लीच्या पलीकडून चालत आणि तिथूनच माझ्या आईची तब्येत विचारत.

पण पोटापाण्याचं काम नेमकं तोंडाचं. मागाच्या धोट्यात, म्हणजे शटलमध्ये, सुताची नवी कांडी बसवली, की त्याच्या भोकाला तोंड लावून सुताचं टोक ओढून घ्यायचं. रात्रपाळीवाल्याने तोंड लावलेलं तेच शटल सकाळी नानांच्या तोंडी. म्हणून ते आधी गरम चहाने शटल धूत. कापडावर डाग पडत आणि शेठ वैतागत, "नाना, आ शटल छे के चानो कप?"

एवढं करूनही नानांना सर्दीने गाठलंच, आणि तेही त्यांची मुलगी बाळाला घेऊन नंदुरबारहून आली त्याच दिवशी. नात त्यांनी अजून पाहिलीच नव्हती. कित्येक दिवस त्यांना दुसरा विषय नव्हता. मुलगी संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती आणि नाना गमछा बांधून माझ्या ओट्यावर बसलेले, स्वतःच्याच घराकडे बघत.

"बाबा, ल्या ना हिले," मुलगी दारातून बाळाला पुढे करत म्हणाली.

"नको माय. मनी सर्दी ताजी शे."

एरवी मी त्यांची टर उडवायची संधी सोडत नसे. त्या दिवशी मात्र मला फार वाईट वाटलं.

मुलगी बाळाला घेऊन सरळ गल्ली ओलांडून आली. "हिले बी सर्दी शे, बाबा," ती म्हणाली.

नानांनी झटकन हात पुढे केले. पोर मांडीवर आली आणि थेट त्यांच्या तोंडावर शिंकली. नानांनी मान फिरवली नाही की चेहरा पुसला नाही. गाडीची वेळ झाली, तेव्हा मुलीला बाळ दोनदा मागावं लागलं.