पूजेला ठेवलेली दांडी

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी बनवलेली कडी आजपर्यंत एकदाही आपोआप उघडलेली नाही. एकदाही नाही! महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी एकवीस वर्षं मेन्टेनन्स बघतोय. गळके पंप, अडकलेले व्हॉल्व्ह, रुसलेल्या मोटारी, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. त्यामुळे सासऱ्यांच्या जीपच्या बॉनेटला एक स्प्रिंगची कडी बसवणं हा माझ्या हातचा मळ आहे, असं मी घरात जाहीर केलं. घरात म्हणजे बायकोसमोर.

अनुपमानं विचारलं, "बाबांनी मागितलीय का?"

हा प्रश्न मला तेव्हा अगदीच गैरलागू वाटला.

माझे सासरे सयाजीमामा कुडपणला राहतात. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला मामी. मामांची जीप आमच्या लग्नाच्याही आधीची आहे. बॉनेटचे मूळचे आकडे कधीच झिजून गेलेत. बॉनेट बंपरला सुंभाच्या दोरीनं बांधलेलं असायचं, आणि दोन-तीन वळणांनंतर मामा उतरून ती गाठ पुन्हा आवळायचे. गेल्या वर्षी वैशाखात एका वळणावर ती सुटली, वारा आत शिरला आणि अख्खं बॉनेट उठून समोरच्या काचेवर आदळलं. मामांनी बाजूनं डोकं बाहेर काढलं आणि तशीच गाडी कडेला घेतली. बोलणं चाललं होतं भाताच्या बियाण्याबद्दल, ते त्यांनी मध्ये तोडलंसुद्धा नाही. मी शेजारी बसलो होतो. त्या दिवशी मी ठरवलं की हे असं चालणार नाही.

चार महिने खपलो. तीन कागदांवर आराखडा काढला. भंगारात गेलेल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग घेतली, पाच मिलिमीटरच्या पत्र्याचा आकडा कापून घेतला. बॉनेट नुसतं खाली दाबायचं, खट् झालं की बसलं. उघडायला वीतभर लांबीची, टोकाला वाकवलेली दांडी. ती पुढच्या जाळीतून आत घालायची आणि ओढायची. दांडी नसेल तर चोर उघडू शकणार नाही, वारा उघडू शकणार नाही, रस्त्यातले खड्डे तर नाहीच नाही. कारखान्यातल्या टेबलावर मी ती कडी दोनशे वेळा बंद करून पाहिली. उघडलीही तितक्याच वेळा, पण ती पुन्हा बंद करता यावी म्हणून.

नवरात्रात एका रविवारी कुडपणला जाऊन ती बसवली. दोरी सोडून पडवीत फेकून दिली. मामांनी बॉनेट दोन्ही हातांनी ओढून पाहिलं.

"घट्ट हाय," ते म्हणाले.

मी ते कौतुक समजलो.

आता स्नेहलचं सांगतो, कारण या सगळ्यात खरं काही पणाला लागलं असेल तर ते तिचं. स्नेहल ही मामांची नात, माझ्या मेव्हण्याची मुलगी. मी तिच्या आत्याचा नवरा, म्हणून ती मला आतोबा म्हणते. महाडच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि दोन वर्षं अर्ज करत राहिली. शेवटी एका कारखान्याच्या लॅबमधून पत्र आलं. खंडेनवमीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हजर व्हा, नाहीतर यादीतलं पुढचं नाव घेऊ. ती आदल्या संध्याकाळी एसटीनं खाली उतरून आमच्याकडे मुक्कामाला यायची होती.

"कशाला एसटीनं?" मी म्हणालो. "मी वर येतो. सकाळी आजोबांच्या जीपमधून जाऊ. आता बॉनेटची काळजी नाही."

अनुपमा काही बोलली नाही. एकवीस वर्षं मशिनं ऐकून मला त्यांचे आवाज कळतात, बायकोचं गप्प बसणं मात्र अजून कळत नाही.

खंडेनवमीच्या सकाळी रंगूमामींनी पूजा मांडली. कोयते, विळी, पहार, कुदळ, नांगराचा फाळ. त्या दिवशी हत्यारं धुऊन पुसून पूजेला ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा आपल्याकडचा रिवाज. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस त्यांचा. मला हा सण मनापासून आवडतो. कारखान्यातही मी माझ्या पोरांना त्या दिवशी पाना उचलू देत नाही.

तर मी जीपच्या सीटखालची पेटी रिकामी केली. पाने, पेचकस, जॅकचा दांडा, सगळं आणून मांडलं आणि सगळ्यांच्या पुढे माझी दांडी ठेवली, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलेली. तिच्यावर झेंडूचं फूल मीच ठेवलं.

मामींनी तिच्याकडे पाहिलं. "हे काय करतं?"

"बॉनेट उघडतं."

"किती येळा उघडलंय?"

"तीच तर मजा आहे, मामी. कडी अशी बसलीय की हिला उघडायची वेळच येणार नाही."

"हां का," मामी म्हणाल्या आणि कुंकवाची कोयरी शोधायला लागल्या. मी आंघोळीला गेलो.

दांडी पूजेत ठेवून जीप घाटात न्यायची, यात काही चुकतंय हे मला का सुचलं नाही, याचा मी नंतर बराच विचार केलाय. आपण केलेल्या वस्तूवर झेंडूचं फूल दिसलं की माणसाचं डोकं जरा मागच्या सीटवर जाऊन बसतं, एवढंच उत्तर सापडलं.

दहाला निघालो. मामा गाडी चालवत होते, शेजारी मी, मागे स्नेहल मांडीवर सर्टिफिकेटांची फाइल घेऊन. रस्ता उतरणीचा, पण मध्ये एक चांगला लांब चढ लागतो. पहिल्या पाच वळणांपर्यंत मामांना एकदाही उतरावं लागलं नाही. मी दोनदा मागे वळून स्नेहलला म्हणालो, "बघ, हलतंय का बॉनेट?" तिनं दोन्ही वेळा बघितलं.

चढ संपायच्या थोडं आधी बॉनेटच्या कडेनं वाफ यायला लागली. रेडिएटरचा पाइप मामांच्या गाडीत नेहमीच पाझरतो. ते पाण्याचा कॅन बाळगतात, वाटेत ओततात आणि पुढे जातात. आजही त्यांनी गाडी कडेला घेतली, कॅन उचलला, पुढे जाऊन सवयीनं दोरीच्या गाठीला हात घातला. तिथं दोरी नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दांडी?"

मी समोरच्या डोंगराकडे पाहिलं. "पूजेत."

मामांनी कॅन खाली ठेवला, दगडावर बसून तंबाखूची पिशवी काढली. "हां," ते म्हणाले. त्यांच्याकडे राग नावाची वस्तूच नाही, आणि त्यामुळे त्यांच्याबरोबर चूक करणं फार अवघड जातं.

सव्वाअकरा वाजले होते. पोलादपूर अजून बारा किलोमीटर आणि महाड त्याच्याही पुढे.

"आजीला फोन करू या," स्नेहल म्हणाली. "मागच्या वळणावर रेंज असते."

"नको," मी म्हणालो. "तुझी आजी पूजेतलं हत्यार काढून देणार आहे होय? जगबुडी आली तरी देणार नाही. मी करतो काहीतरी."

तिची आजी देणार नाही, हे कारण खरं होतं. पण मामींना हे सांगायची मला लाज वाटत होती, हे त्याहून खरं होतं.

मग मी काहीतरी केलं. जाळीतून बोटं घातली, ती पोळली. स्नेहलचं पेन घातलं, ते आत पडलं. करवंदीची काठी घातली, ती मोडली. जाळीतूनच बाटलीनं पाणी मारलं, ते रेडिएटर सोडून माझ्या पँटवर आलं. शेवटी दगड उचलला आणि माझ्याच कडीवर घातला. पाच मिलिमीटरचा पत्रा, मीच निवडलेला. जराही हलला नाही! त्या क्षणी माझ्या मनात दोन भावना होत्या, आणि त्यातली एक अभिमानाची होती हे कबूल करतो.

एवढ्यात एक टेम्पो वर चालला होता, तो थांबवला. पाना मागितला.

"आज पाने घरी, देवाम्होरं," ड्रायव्हर म्हणाला. "तुमचं पण तसंच असंल की."

तसंच होतं. हा तालुका त्या दिवशी असा होता की कुणाच्याच हातात काही नव्हतं, आणि तो रिवाज मोडणाऱ्याला सगळ्यात आधी मीच बोललो असतो.

स्नेहल मागच्या पायरीवर बसली होती. हळूच म्हणाली, "आतोबा, कालच्या पाचच्या एसटीनं गेले असते मी."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती माहिती दिल्यासारखं सांगितलं. मला एकदम तिचा दहावीचा निकाल आठवला. तेव्हा ती कुडपणहून चालत निम्मा घाट उतरली होती, कारण एसटी आली नव्हती. एवढी लांब आलेली मुलगी, आणि तिला शेवटच्या टप्प्यावर अडवलं कुणी, तर तिच्यावर माया करणाऱ्या माणसानं, स्वतः बनवलेल्या कडीनं. मला फार वाईट वाटलं. दगड खाली टाकला.

मामा उठले. "वर ढकलू. फुडं उतारच हाय. इंजिन बंद ठेवून खाली यशराजच्या गॅरेजापात्तूर जाईल."

मी आणि स्नेहलनं ढकलली, चढ संपला, आणि धापा टाकत मी माझ्या जागेवर बसलो. जीप आवाज न करता घरंगळत खाली निघाली. सारा उतार मामा ब्रेक दाबून होते आणि मी जीव मुठीत धरून.

यशराजचं गॅरेज म्हणजे रस्त्याकाठची पत्र्याची शेड. कॉम्प्रेसरला हार, हवेच्या नळीला हार, पान्यांची रांग हळदी-कुंकवात. यशराज स्वतः धुतलेला शर्ट घालून खुर्चीवर बसला होता.

"साहेब, तुमीच सांगा," तो कळवळून म्हणाला. "मी आज पान्याला हात लावला, तर उद्यापासून पाना माझं ऐकंल काय?"

हेच वाक्य मी माझ्या पोरांना दरवर्षी ऐकवतो.

दीड वाजला होता. स्नेहलनं मला न विचारता फोन लावला, स्पीकर चालू करून.

"आजी, पूजेतली ती दांडी..."

"कंची दांडी गो?"

"आतोबांची. बॉनेट उघडायची."

"ती पूजेत कुटं हाय? ती मी काढली."

"काढली?" मी फोनवर वाकलो. "का, मामी?"

"जावयबापू, हत्यार म्हंजे ज्यानं काम केलंय ते. तुमीच म्हनलात, हिला उघडायची येळच येनार नाय. मंग बसून खानाऱ्याची पूजा कशाला? काम करू दे तिला, फुडल्या वर्षी बघू."

"मग आहे कुठे ती?"

"गाडीची वस्तू गाडीत. शिटाखालच्या पेटीत टाकली. रिकामीच तर व्हती. इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

मी जीपकडे धावलो आणि माझी सीट उचलली.

पेटी माझ्याच सीटखाली होती. पेटी मी स्वतः रिकामी केली होती, म्हणून तिच्यात बघायचं कुणाला सुचलंच नाही. सगळा उतार मी त्या दांडीवर बसून आलो होतो.

दांडी जाळीत घातली, ओढली. खट्. बॉनेट लोण्यासारखं उघडलं.

"झाक हाय कडी," यशराज म्हणाला. पाइपला बांधायला त्यानं जुन्या ट्यूबची पट्टी दिली. ट्यूबची पट्टी हत्यारात मोडते का, यावर त्यानं क्षणभर विचार केला आणि नाही मोडत असं ठरवलं.

तीनला दहा कमी असताना आम्ही कारखान्याच्या फाटकावर पोचलो. स्नेहल फाइल छातीशी धरून पळत गेली. मामांनी टोपी काढून घाम पुसला. तेवढ्या वेळात ती सही करून बाहेर आली आणि लांबूनच आम्हाला हात केला. मामा म्हणाले, "पोचली." माझे डोळे भरून आले, ते मी वाफेवर ढकललं.

यंदा ती कारखान्याच्या गाडीनं लॅबला जाते. मी यंदाच्या खंडेनवमीला कुडपणला गेलो, तर जीपच्या बॉनेटवर पुन्हा सुंभाची दोरी, नवी. पूजेत मात्र कोयत्याशेजारी माझी दांडी होती, हळद-कुंकू लावलेली, वर झेंडूचं फूल. दांडी हात लागून लागून काळी पडली होती. माझा ऊर भरून आला.

"मामी, ही इथे?"

"मंग? रोज सकाळी हिच्यानंच उघडते मी. ह्यांनी तुमची कडी कोंबड्यांच्या खुराड्याला बसवलीय. रानमांजरानं लय खटपट केली, पन आजून उघडली नाय."

मी म्हणालोच होतो, एकदाही नाही. पण मग एक शंका आली, आणि या वेळी मी विचारलं, याची कृपया नोंद घ्यावी.

"मामी, पण दांडी आज पूजेत. मग कोंबड्या दिवसभर आतच?"

मामींनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं.

"आधी खुराडं उघडलं, जावयबापू. मंग दांडी पूजेला ठेवली."