वाढदिवस बाथरूमच्या दाराआड

लोकांच्या तक्रारी लिहून घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तीन नंबरच्या खिडकीमागे मी सतरा वर्षं बसतोय. नळाला पाणी नाही, पाण्याला जोर नाही, मीटर उलटा फिरतो, सगळं मुकाट लिहून घेतो. पण माझी स्वतःची तक्रार लिहून घेणारी खिडकी अजून कुठे उघडलेली नाही, म्हणून ती तुमच्यापुढे मांडतो. तक्रार अशी, की मला एकुलती एक मुलगी आहे, तिचे आजवर तेरा वाढदिवस झाले, आणि त्यातले शेवटचे दहा मी बाथरूममध्ये साजरे केले.

हसू नका. (घरात बायको हसते, तेवढं पुरे आहे.)

सुरुवात तिच्या चौथ्या वाढदिवसाला झाली. शाळेच्या दाखल्यावर तिला चांगलं नाव आहे, पण पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून घरात ती भिंगरी. पाहुणे जमले होते, केक टेबलावर मांडला होता, मेणबत्त्या खोचायच्या तेवढ्या बाकी होत्या. माझी नजर आरशाकडे गेली आणि मी ठरवलं, की फोटोत जरा माणसासारखं दिसावं, पाच मिनिटांत दाढी उरकून येऊ.

"आता कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "ती कडी धड नाहीये."

"पाचच मिनिटं," मी म्हणालो आणि आत जाऊन तीच कडी लावली.

एक गाल झाला. दुसऱ्या गालाला साबण फासला तेवढ्यात बाहेरून हाक आली, म्हणून कडी काढायला गेलो तर ती हलेना. ओढली, ढकलली, चपलेनं ठोकली, गोड बोलून पाहिलं. ढिम्म. बाहेर भिंगरीनं भोकाड पसरलं, बाबा आल्याशिवाय केक कापणार नाही म्हणून. सुताराला फोन गेला. तो म्हणाला, तासाभरात येतो. आणि मग आमच्या हिला ती कल्पना सुचली, जिची फळं मी आजतागायत भोगतोय.

"टेबलच दारापाशी आणू या," ही म्हणाली. "तुम्ही आतून गाणं म्हणा."

म्हटलं. बाथरूममध्ये आवाज घुमतो, त्यामुळे माझ्यासारख्याचं गाणंसुद्धा दणदणीत लागलं. भिंगरी रडायची थांबली. मग ती जमिनीवर पालथी पडली, दाराखालच्या फटीला तोंड लावलं आणि अगदी हळू विचारलं, "बाबा, विझवू?"

मी आत ओणवा होऊन म्हणालो, "हं, विझव."

फू. टाळ्या. फटीतून बशी येईना, म्हणून केकचा तुकडा कागदावर ठेवून, वरून दाबून चपटा करून आत सरकवला गेला. एका गालावर साबण असताना केक खाल्ला तर तो निम्मा साबणाचाच लागतो, हे मी अनुभवानं सांगतो.

पुढच्या वर्षी मी नवा शर्ट घालून, सकाळीच दाढी करून केकजवळ उभा राहिलो. भिंगरीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलोय.

"बाबा, तू इथे काय करतोस? आत जा ना."

"अगं, कडी दुरुस्त झाली."

"मग काय झालं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "अहो, जा की. एकदाच तर आहे." या एकदाचवर विश्वास ठेवून मी आत गेलो.

परंपरा मुरायला पिढ्या जातात म्हणे. आमच्या घरात दोन वर्षं पुरली. तिसऱ्या वर्षी दाढी अर्धीच हवी असा नियम निघाला. चौथ्या वर्षी मी आतून "कडी अडकली" असं तीनदा ओरडायचं ठरलं. (कडी आता लोण्यासारखी सरकते. खोटं बोलू नये हे मी मुलीला शिकवतो, आणि दरवर्षी तिच्याच सांगण्यावरून तीनदा खोटं बोलतो.) सासूबाईंना "तरी मी म्हणत होते" एवढं एकच वाक्य आहे, पण ते त्या असं रंगवून म्हणतात, की पाहुणे वन्स मोअर देतात. सुताराला तर रीतसर आमंत्रण असतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून येतो आणि दारावर हातोडीचे तीन हलके ठोके मारतो. कडी मीच काढतो, पण टाळ्या त्याला. केकचा मोठा तुकडाही त्यालाच.

हेही मी सोसलं असतं. पण गेल्या वर्षी ऑफिसात मी फोटोंचा अल्बम नेला. शेजारच्या खिडकीवर नव्यानं आलेल्या बाईंनी तो, कुणाचा हे न विचारताच, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला आणि सुताराच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "मुलीचे वडील ना हे? अगदी बापावर गेलीय हो."

मी अल्बम पुन्हा चाळला. नऊ वर्षांत मी एकाही फोटोत नाही. बाथरूमचं दार मात्र प्रत्येक फोटोत आहे, अगदी झकास आलेलं. त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की जन्मदात्या बापानं नऊ वर्षांत आपल्या मुलीला मेणबत्ती विझवताना पाहिलेलं नाही. फू तेवढी ऐकली. तिचे गाल कसे फुगतात, डोळे मिटते का उघडे ठेवते, सुताराला ठाऊक आहे, मला नाही. हा अन्याय नाही तर काय?

म्हणून यंदा, तेराव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, मी जेवताना जाहीर केलं, "या वर्षी मी बाहेर थांबणार. मला तुला बघायचंय."

मोठा वाद होईल अशी माझी तयारी होती. मुद्दे काढून ठेवले होते. भिंगरी पाणी प्यायली आणि म्हणाली, "बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. नको तर नको."

एवढ्यावर प्रकरण मिटलं. माझे अकरा मुद्दे वाया गेले.

वाढदिवसाला मी दोन्ही गाल गुळगुळीत करून हॉलमध्ये आलो. तिच्या पाच-सहा मैत्रिणी आल्या होत्या. सासूबाई खुर्चीत होत्या. पण टेबल बघतो तर बाथरूमच्या दारापाशी.

"हे इथे कशाला?" मी हिला विचारलं. "आणि सुतार कुठे आहेत?"

"आत."

"आत म्हणजे?"

"तुम्ही नाही म्हणालात. मग कुणीतरी नको का आत? भिंगरीनं विचारलं, ते बिचारे लगेच तयार झाले. अर्धी दाढी आणि एका गालावर साबण, असे तयारच आले होते."

माझं डोकं भणभणलं. माझी जागा, माझा साबण, माझं ओरडणं. आतून "कडी अडकली" अशी आरोळी आली. तीनदा. मग गाणं. माणूस चक्क सुरात गातो. मैत्रिणींनी ताल धरला, सासूबाईंनी मान डोलावली, आणि मी माझ्याच घरात, ओळखीचं कुणी न भेटलेल्या पाहुण्यासारखा, भिंतीला टेकून उभा राहिलो.

मग भिंगरी गुडघ्यांवर बसली आणि वाकून फटीशी तोंड नेलं. काय विचारलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मला ऐकायची गरज नव्हती.

आतून सुताराचा आवाज आला, "काय म्हणालीस पोरी? जरा मोठ्यानं बोल."

ती फटीपासून मागे सरली. मेणबत्त्यांचं मेण केकवर ओघळायला लागलं. नऊ वर्षं ज्यासाठी मी आत तडफडलो, ते माझ्यासमोर होतं. वाढदिवसाच्या ऐन घटकेचा तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो, आणि तो पडलेला होता.

"विझव गं," मी मागून म्हणालो.

तिनं मान वळवली. "तिथून नाही रे बाबा."

मी पुढे झालो, टेबल बाजूला सारलं आणि दार वाजवलं. "उघडा हो, मी आहे." सुतारानं कडी काढली. तो दारातून बाहेर पडायची वाट बघण्याइतकाही दम मला नव्हता. त्याला मागे रेटून मी आत शिरलो, कडी लावली आणि ओणवा झालो. दोन माणसांत ती बाथरूम फार लहान पडते. त्याचं कोपर माझ्या कानात आणि माझा पाय बादलीत.

फटीतून आवाज आला, "बाबा, विझवू?"

"हं," मी म्हणालो. "विझव."

फू. टाळ्या. तीच ती फू. बघण्यासारखं तिच्यात काही असेल असं मला तेव्हा वाटलंच नाही. मी तसाच ओणवा राहिलो. या परंपरेला आपण नऊ वर्षं उगाच शिव्या घातल्या, पोरीचा आपल्यावर केवढा जीव, असं काहीबाही मनात येत होतं.

तेवढ्यात बाहेर एका मैत्रिणीनं विचारलं, "अगं, तुझे बाबा आत का गेले?"

"ते दरवर्षी जातात," भिंगरी म्हणाली. "मी लहान असताना एकदा अडकले होते, तेव्हापासून त्यांना फारच आवडतं ते. या वर्षी नको म्हणत होते, पण मला माहीत होतं, ऐन वेळी राहवणार नाही त्यांना. आम्ही काही बोलत नाही. त्यांचं मन राखायला करतो सगळे."

मी वर पाहिलं. सुतार एका गालावरचा साबण पुसत माझ्याकडे मोठ्या मायेनं बघत होता.

"असू द्या साहेब," तो म्हणाला. "हौसेला मोल नसतं."