बोट आधी, सूर नंतर

रविवारी सकाळी दहा वाजता चष्मेवाल्याने गिटारची तार छेडली. आवाज आला, पण जरा नंतर. त्याने पुन्हा छेडली. पुन्हा तेच. बाजारात भांडण झालेली जोडपी अंतर ठेवून चालतात, तसा हेडफोनमधला सूर त्याच्या बोटामागून येत होता.

काम तसं लहान होतं. कॉलेजातल्या चौघांच्या जुन्या बँडने स्नेहमेळाव्यासाठी एक गाणं करायचं ठरवलं होतं. ड्रमवाल्याने, म्हणजे बडव्याने, गाण्याचा ठोका पाठवायचा, ज्याने त्याने तो ऐकत आपापल्या घरी वाजवून पाठवायचं आणि बडव्याने ते जोडायचं. बडव्याची ताकीद होती, "संध्याकाळी सहापर्यंत गिटार आली नाही, तर कीबोर्डवर गिटारचं बटण आहे. ते दाबू." चष्मेवाल्याला हे सगळे लेटलतीफ म्हणत. वीस वर्षांनी एकदा तरी वेळेवर पोचायचं, एवढीच त्याची इच्छा होती. आणि नेमका कॉम्प्युटरच लेट.

त्याने मेहुण्याला फोन लावला. मेहुणा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"दाजी, इफेक्ट किती लावलेत?"

"जास्त नाही रे. घुमारा, त्यावर थोडी गुहा, आणि वरून ती चकाकी."

"मग उशीर होणारच. आवाज माइकमधून आत जातो, एवढं सगळं नटतो आणि मग तुमच्या कानात येतो. काढा ते. कोरडं वाजवा, नंतर सजवा."

"अरे, पण कोरडं वाजवलं की माझंच वाजवणं ऐकू येतं!"

मग मेहुण्याने कॉम्प्युटरची घाई वाढवणारं एक सेटिंग सांगितलं. उशीर कमी झाला, पण कॉम्प्युटरला धाप लागली आणि गिटारमधून तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी तडतड येऊ लागली.

चष्मेवाल्याने आपल्या चष्म्यांच्या दुकानातल्या सवयीने बायकोला खुर्चीत बसवलं, तिच्या कानांवर हेडफोन चढवला आणि सेटिंग बदलून वाजवत विचारायला सुरुवात केली, "हे बरं, की ते?"

"पहिलं."

"आता? हे, की ते?"

"दोन्हींत तू चुकतोयस." बायको शाळेत कवायत शिकवायची. चुकलेला ठोका तिला नुसता ऐकूच यायचा नाही, दिसायचासुद्धा.

शेवटी त्याने स्वतःचाच तोडगा काढला. सूर उशिरा येतो ना, मग बोटच आधी पडू दे. दुपारपर्यंत हे इतकं जमलं, की हेडफोनमध्ये गाणं आणि गिटार गळ्यात गळे घालून चालू लागली. सवय अंगातही मुरली. बायको "चहा" एवढंच म्हणाली आणि तो "हो, टाक" म्हणून मोकळा झाला.

"चहा संपलाय, असं सांगत होते."

फाइल गेली. थोड्याच वेळात बडव्याचा फोन.

"कोणाकडून वाजवून घेतलंस?"

"मीच वाजवलं."

"थापा मारू नकोस. ही गिटार प्रत्येक ठोक्याच्या आधी येतेय. तू, आणि आधी?"

मेहुण्याला पुन्हा फोन गेला. "दाजी, उशीर फक्त तुमच्या कानापुरता होता. रेकॉर्ड करताना कॉम्प्युटर सूर बरोबर जागेवर बसवतो."

"म्हणजे सकाळी मी पहिल्यांदा वाजवलं, ते..."

"ते बरोबर होतं."

"ते मी पुसलं."

"मग आताचं जरा मागे सरकवा. सगळीकडे सारखंच आधी वाजवलंय ना?"

तसं नव्हतं. शेवटच्या कडव्यात आत्मविश्वास वाढल्यामुळे तो फारच पुढे निघून गेला होता.

चष्मेवाला फरशीवर बसला. मग उठला, सगळे इफेक्ट काढले आणि कोरडं वाजवू लागला. आता हातच ऐकेना. सूर कानाशी वेळेवर येत होता, बोट मात्र दर वेळी आधीच जाऊन बसत होतं. बायको आतून लाकडी पट्टी घेऊन आली.

"दे इकडे हेडफोन. गाणं मी ऐकते, तू फक्त पट्टी ऐक. माझ्या आधी हात पडला तर बघ!"

तिने माइकशेजारच्या टेबलावर पट्टी आपटायला सुरुवात केली. शाळेतली पोरं जशी पाय उचलतात, तशी त्याची बोटं मुकाट्याने पडू लागली. शेवटी त्याने घुमारा, गुहा आणि चकाकी चढवली आणि पावणेसहाला फाइल पाठवून दिली.

"वेळेवर आली रे!" बडव्याचा लगेच फोन आला. "आणि तो ठोका! गुहेत कोणी घण घालावा तसा. माझे ड्रम मी काढूनच टाकले. कोण वाजवतंय?"

"ती पट्टी आहे. बायकोची."

"वहिनींना फोन दे."

बायको बराच वेळ "हो, हो" करत होती. मग तिने विचारलं, "स्टेजवर लाकडी आणू, की स्टीलची?"

चष्मेवाल्याने फोन परत घेतला. "आणि गिटार?"

"आहे की. पट्टीच्या मागे काहीतरी येतंय खरं. बघतो."

साडेसातपर्यंतची बातमी अशी. बँडच्या ग्रुपवर वहिनींचं स्वागत झालं आहे. त्याखाली बडव्याने गाण्याचे दोन नमुने टाकले आहेत. एकात चष्मेवाल्याची गिटार आहे, दुसऱ्यात कीबोर्डचं बटण. सोबत एकच ओळ आहे, "हे बरं, की ते?"

चष्मेवाला मोबाइल हातात धरून बसला आहे. उत्तर अजून कोणाचंच आलेलं नाही. पलीकडच्या खोलीत बसलेली बायको मात्र काहीतरी टाइप करते आहे, असं स्क्रीनवर दिसतं.