नऊ जागची मोटरसायकल

आमचे सुधाकर भाऊजी कुठल्याही गोष्टीचे चार भाग करून त्यातले समोरासमोरचे दोन टाकून दिल्याशिवाय तिच्याबद्दल मत देत नाहीत. मग ती गोष्ट पपई असो, लग्नाचं स्थळ असो की पेपरातली बातमी.

यात त्यांचा दोष नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी अकोल्याला माती तपासण्यात काढली. शेतातून नागमोडी चालत नऊ जागची माती घ्यायची, घमेल्यात मिसळायची, पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेली पुन्हा मिसळायची. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. शिवाय झाडाखालची, बांधाजवळची, खताच्या ढिगाजवळची माती घ्यायचीच नाही, कारण भाऊजींच्या मते ती खोटं बोलते. रिटायर होऊन त्यांनी अमरावतीला आमच्या शेजारी घर बांधलं, सामान आणलं, त्यात ते घमेलंही आलं. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "अजून निकाल यायचा हाये, वयनी."

वयनी म्हणजे मी. त्यांच्या मोठ्या भावाची बायको. लग्न होऊन अकोल्याच्या घरात गेले तेव्हा भाऊजी अकरावीत होते आणि मी अमरावतीची सायन्स ग्रॅज्युएट, म्हणजे स्वतःच्या मते थेट पुण्याची सख्खी शेजारीण. ते 'मले' म्हणाले की मी 'मला' म्हणायची. ते 'कावून' म्हणाले की मी 'का' म्हणायची. शेवटी पोरगं माझ्यासमोर बोलेनासंच झालं, आणि मी सासूबाईंना सांगितलं की बघा, किती सुधारला. आता इतक्या वर्षांनी मीच त्यांच्याशी वऱ्हाडीत भांडते. भांडण त्याच्याशिवाय रंगत नाही.

त्याच दिवसांत मी सासरी आणखी एक थाप मारली होती की मला मोपेड येते. मैत्रिणीच्या मोपेडवर मागे बसून मी दोनदा कॉलेजला गेले होते, एवढाच तो अनुभव. भाऊजींनी कुणाची तरी मोपेड मागून आणली. मी बसले, हँडलचा कान पिळला आणि गल्लीच्या टोकाला कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी सरकीचा डोंगर होता, त्यात कमरेपर्यंत गेले. लोक धावले. मी पदर झटकत म्हणाले, मला इथंच थांबायचं होतं. भाऊजींनी ते कुणाला सांगितलं नाही. पण कुठं तरी लिहून ठेवलं असणार, याची मला तेव्हाच शंका आली.

तर गोष्ट मोटरसायकलची. भाऊजींची एकुलती एक मुलगी रश्मी कोईमतूरला नोकरी करते. आई गेल्यावर तिला भाऊजींनीच वाढवलं आणि मोटरसायकलही त्यांनीच शिकवली. तिकडे शर्यतीचा ट्रॅक आहे म्हणे. ही पोरगी सुटीच्या दिवशी चामड्याचे कपडे घालून तिथं गोल गोल फिरते. यंदा बाजारात नवी स्पोर्ट्स मोटरसायकल आली. पहिल्या खेपेतली एक गाडी तिथल्या दुकानदारानं रश्मीसाठी महिनाभर राखून ठेवली. अडचण इतकीच की तिला दोन गाड्या ठेवायला जागा नाही. सोमवार ते शुक्रवार ऑफिसला आणि रविवारी ट्रॅकवर, दोन्हीकडे हीच चालली पाहिजे. तिनं भाऊजींना फोन केला: बाबा, तुम्ही सांगा, तुम्ही हो म्हटलं तरच घेते.

झालं. घमेलं बाहेर आलं.

अमरावतीत ती गाडी अजून आली नव्हती, म्हणून आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो. मीही गेले, कारण मला तमाशा चुकवायचा नव्हता. शोरूममधल्या टायवाल्या मुलानं विचारलं, काका, नातवासाठी घेता का? भाऊजींनी चष्मा पुसला, चपला काढल्या आणि देवळात चढावं तसे त्या गाडीवर चढले. हँडल इतकं खाली की माणूस टाकीवर पालथाच पडतो. भाऊजी सहासष्ट वर्षांचे, पोट टाकीवर, हनुवटी काचेमागं, आणि तसेच चाळीस मिनिटं. मध्ये तो मुलगा पाणी घेऊन आला, तर म्हणाले, "तपासनी चालू हाये, बोलू नका." मनगट कितव्या मिनिटाला दुखतं, कंबर कितव्या, हे ते मला सांगत होते आणि मी तिकिटाच्या मागं लिहीत होते. उतरताना मात्र त्या मुलाला आणि मला मिळून उतरवावं लागलं.

मग मतं गोळा करणं सुरू झालं. पहिलं मत मी न मागताच दिलं. दोन मेकॅनिक, एक वाहतूक पोलीस, एक हाडाचे डॉक्टर, आणि रोज अकोला-अमरावती दुचाकीवर येजा करणारे एक मास्तर. ट्रॅक म्हणजे काय हे इथं कुणाला माहीत? तर भाऊजी परतवाड्याच्या अलीकडं एका म्हाताऱ्याकडं गेले, ज्याची हयात शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत गेली. त्यानं सांगितलं, पटावर पळणारा अन् आठवडाभर गाडीलाही चालणारा बैल आपण एकच पाहिला. पण त्याचा मालक पटावरून आल्यावर आधी बैलाचे खूर बघायचा, मग स्वतः पाणी प्यायचा. हे भाऊजींनी शब्दाला शब्द लिहून घेतलं.

प्रत्येक मताचं एकेक वाक्य चिठ्ठीवर लिहून ते घमेल्यात टाकत, मिसळत, पसरत, अर्धं टाकून देत. मी म्हटलं, "भाऊजी, नेमकं खरं तेच फेकल्या गेलं तर?" तर शांतपणे म्हणाले, "नीट मिसळलं की कोनताही भाग सारखाच असते, वयनी."

रोज संध्याकाळी साडेसहाला रश्मीचा फोन. भाऊजींच्या कानाला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर, म्हणजे मीही हजर. बाबा, निकाल आला का? नाही, तुझ्या घरापासून ऑफिसपर्यंत गतिरोधक किती, ते मोज. दुसऱ्या दिवशी, त्यांची उंची मोज. आणि ती पोरगी खरंच पट्टी घेऊन भर रस्त्यात खाली बसली आणि फोटो पाठवले. बोलता बोलता अर्धा अर्धा तास जाई. गतिरोधकावरून गोष्ट तिच्या साहेबावर येई, साहेबावरून तिथल्या सांबारावर. मी मनात म्हणायची, या माणसानं पोरीचा किती वेळ खावा.

महिना संपत आला. रश्मी म्हणाली, बाबा, उद्या रविवार, दुकानदार उद्यापर्यंतच थांबतो, मग गाडी दुसऱ्याला देणार. भाऊजी म्हणाले, पाहू, निकाल यायचा हाये.

मला राग आला. रविवारी दुपारी डबा परत करायच्या निमित्तानं मी त्यांच्याकडं गेले. ते मागं झाडांना पाणी घालत होते. टेबलावर फाईल होती. दुसऱ्याची वही उघडून बघायची सवय मला शाळेनं पगार देऊन लावलेली आहे.

पहिल्याच पानावर 'नाकारलेले नमुने'. एक, शोरूमवाला मुलगा: खताच्या ढिगाजवळचा. दोन, वयनी: सरकीच्या ढिगाजवळचा. म्हणजे माझं मत घमेल्यात पडलंच नव्हतं.

पान उलटलं. अहवाल पूर्ण होता. शहरातला रस्ता: योग्य, मात्र दर तासाला मनगटांना विश्रांती द्यावी. ट्रॅक: योग्य, टायर आणि ब्रेक पॅड बदलून. एकाच गाडीनं दोन्ही: शक्य, ट्रॅकवरून आल्यावर चालवणारीनं आधी चेन आणि टायर पाहावेत. शिफारस: घ्यावी. खाली सही. आणि तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

भाऊजी दारात उभे होते, हातात नळी.

"निकाल तर कवाचाच आला," मी म्हटलं. "मंग त्या पोरीले कावून लटकवून ठेवलं?"

त्यांनी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं. मग म्हणाले, "पयले आठवड्यातून एकदा फोन ये. जेवले का, गोळी घेतली का, ठेवू? चार मिनिटं. तिचं चुकत नाई, वयनी, कामं असतात. पन अहवाल दिला का फाईल बंद होते."

मी महिनाभर ते सगळे फोन शेजारी बसून ऐकले होते आणि मला पोरीचा वेळ तेवढा दिसला होता.

"गाडी जाईन हातची," एवढंच म्हटलं.

"नाई जाऊ देत."

साडेसहाला फोन वाजला. रश्मीनं विचारायच्या आत भाऊजींनी अहवाल वाचायला घेतला, ऑफिसात वाचावा तसा, एकही शब्द न गाळता. तारीख तेवढी वाचली नाही. शेवटी म्हणाले, "घे."

तिकडून ती आनंदानं काहीतरी ओरडली, म्हणाली, बाबा, दुकान बंद व्हायच्या आत कळवते, ठेवू?

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. "एक मिनिट," ते म्हणाले, "ते कळवून झालं का मंग मले सांग, हिची पयली सर्व्हिसिंग किती किलोमीटरवर करा लागते?"

ते त्यांच्याच फाईलमध्ये दुसऱ्या पानावर लिहिलेलं मी दुपारी वाचलं होतं. रश्मी म्हणाली, थांबा बाबा, त्यांना कळवते आणि नीट विचारून लगेच फोन करते. भाऊजींनी एक कोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि फोनसमोर बसून राहिले. मी आत जाऊन चहा ठेवला, दोघांचा, आणि मुद्दाम मंद आचेवर.